सूर्य गुडघ्यात आहे

आमच्याकडे सूर्य माणसाच्या अंगात चढतो.
चाळीस दिवसांची थंडी तो बाहेरच कुठेतरी काढतो,
मग एका सकाळी पायाच्या नखात शिरतो.
तीन दिवस नखात. तीन घोट्यात. तीन नडगीत.
काळजाशी पोचला की नांगर बाहेर काढायचा.
पामीरच्या आमच्या घळीत पंचांग एवढंच,
एक माणूस आणि त्याच्या आतून वर सरकणारं ऊन.

मोजायचं काम मामदरायिमचं.
छताच्या झरोक्यातला कवडसा कुठल्या खांबावर आला ते बघायचा
आणि दारोदार सांगत जायचा,
पोराचा ताप किती उतरला ते सांगावं तसं.

त्या वर्षी बर्फाचा कडा रात्री सुटला.
पूल नेला, गिरणी नेली, अकरा मेंढ्या नेल्या
आणि मेंढ्यांना हाका मारत गेलेला मामदरायिम.
खाली बार्तांग गोठलेली. तिने हूं की चूं केलं नाही.

मी नऊ वर्षांचा होतो.
तुतीच्या पिठाचा गोळा दाताला चिकटायचा, तो दिवसभर पुरवायचा.
कोपऱ्यात जवाचं पोतं. बियाणं.
त्याच्याकडे बघायचं नाही, असा घरचा नियम.
आम्ही दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो.

चौदा घरं, चौदा पोती.
शेवटी शोझोदा बोलला,
'खाऊन टाकू. माणसं उरली तर बी मिळेल कुठूनतरी.'
त्याला कुणी वाईट म्हटलं नाही.
त्याची धाकटी रात्रभर खोकायची, भिंतीपलीकडून ऐकू यायची.

तेव्हा नेकबख्त उठली. मामदरायिमची सून.
चार वर्षं रशियातल्या नवऱ्याच्या फोनची वाट बघणारी,
शेजारी गेलीच तर चिमूटभर मीठ मागायला.
म्हणाली, 'कवडसा बघून आले. सूर्य गुडघ्यात आहे.'

गुडघ्यात?
म्हाताऱ्यांनी बोटांची पेरं मोजली.
मग मांडी, मग कंबर, मग पोट...
एवढं निघेल.
शोझोदाने सोडलेली गाठ पुन्हा आवळली, दातांनी.
नेकबख्तची शेळी दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात बांधलेली दिसली.

पुलासाठी पॉपलर तोडले,
पोरांच्या घरांसाठी लावलेले, वीस वर्षांचे.
बाप करवत ओढताना झाडाकडे पाठ करायचे.
आम्ही साली सोलायचो. हाताला कडू वास राहायचा.

जव उगवले. शोझोदाची धाकटी वाचली,
अजून खोकते, दोन मुलांची आई आहे.

मी आता मॉस्कोत पहाटे चारला फुटपाथवरचं बर्फ ओढतो.
गेल्या महिन्यात नेकबख्तचा फोन आला. आवाज मध्येच तुटत होता.
बोलता बोलता म्हणाली,
'गुडघ्यात नव्हता रे तेव्हा. नडगीतच होता.
तीन दिवस मी त्याला वर ढकलला.'

मग ते तीन दिवस कुठे गेले?

'काळजात. तिथे सहा दिवस ठेवला त्याला.
कुणी मोजलं नाही.
सगळे नांगराचे फाळ शोधत होते.'

इथे तारीख फोनवर दिसते, तापमानही, उणे एकोणीस.
तरी रबरी बुटात पाय घालण्याआधी
मी अंगठ्याचं नख दाबून बघतो.