पोचे

हातोडा खाली ठेव, विल्बर.
छत ओतून झालं, काल्सिना बाईंच्या घराला
तिसरा मजला चढला, वर गच्चीवर
पेट्याच्या पेट्या बिअर फुटते आहे
आणि बँडवाल्याच्या ट्रंपेटला थंडीनं कापरं भरलंय.
त्यांचं संपलं. आपलं आता सुरू.

हुलिआकात ह्या मिक्सरला सगळे भोवरा म्हणतात.
भोवऱ्याला जाळी लागते, मनगट लागतं.
ह्याला लागतं पाणी, आणि तेही लगेच.
सूर्य त्या पत्र्यांमागे गेला
की तासाभरात बादलीवर साय धरते बर्फाची.
मग सिमेंट आपलं ऐकत नाही,
हाताची बोटंही ऐकत नाहीत.

चार घमेली खडी घाल आत, बोटाच्या पेराएवढी.
दोन बादल्या पाणी.
फिरू दे वीस मिनिटं.
कान किटतील. किटू देत.
दगडाची समजूत दगडच काढतो.

काळा धूर बघून घाबरू नकोस,
इथल्या हवेत दम कमी, इंजिनालाही धाप लागते.

बेअरिंगला ग्रीस: आधी निपल पूस,
मग तीन दाब. चौथा नाही.
पट्टा अंगठ्यानं दाबून बघ, अर्धा इंच लवला पाहिजे.
मोठ्या दातेरी कड्याला मात्र
काहीही लावायचं नाही.
नाही, तेलसुद्धा नाही.
ओलं दिसलं की वाळू येऊन बसते तिथे
आणि रात्रंदिवस दात खाते.
कोरडंच राहू दे.

आता इंजिन बंद कर. पूर्ण बंद.
थांबलं? हात आत घाल.
डाव्या पात्याच्या मागे, अजून खोल.
लागला?
पोचा. त्याच्या शेजारी दुसरा.
मी मोजलेत. सत्तेचाळीस.

बाप माझा, तेओदोसिओ, बाहेरून हाणायचा.
चिकटलेलं सुटावं म्हणून.
सुटायचंही. ढलप्याच्या ढलप्या पडायच्या,
तो कपाळ पुसायचा, म्हणायचा, बघ, कळलं ह्याला.
आणि पुढच्या छताचं सिमेंट
नेमकं त्या खड्ड्यात जाऊन बसायचं,
मूठ आवळून.
मग तो आणखी जोरात.
वीस वर्षं, अर्ध्या गावाची छतं,
पण एवढंसं गणित सुटलं नाही त्याला
की जिथे मारलं
तिथेच धरतं.

भाऊ माझा सोन्याच्या खाणीवर आहे,
वर, जिथे पाऊससुद्धा बर्फाचाच पडतो.
महिन्यातून एकदा फोन करतो.
थंडी आहे म्हणतो.
मी म्हणते, इथेही आहे.
मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसतो.

ऑगस्टात, धरणीमातेच्या महिन्यात,
मी ह्याच्या गळ्यात रंगीत कागदी फिती घालते,
पहिला घोट मातीला, दुसरा ह्याच्या तोंडात,
आणि तिसरा बाहेरच्या अंगाला,
जिथे रंग उडालाय तिथे.
शेजारणीला वाटतं बापाच्या नावचा.
असेल. मी विचारलं नाही स्वतःला.

चल, तोंड खाली कर ह्याचं.
खडी चाळून पोत्यात भर, उद्या लागेल.
तळाशी पाणी राहिलंय का बघ,
नाही, नजरेनं नाही, चिंधीनं टिपून बघ.
बाहेरून जळक्या तेलाचा हात फिरव,
पातळ, सगळीकडे,
पोच्यांवर सुद्धा, जरा सावकाश.

वरून हाका मारताहेत, मटण निवतंय म्हणतात.
जा तू. हात धू आधी, कोपरापर्यंत,
सिमेंट कातडीही खातं.

हातोडा? दे इकडे.
पेटीत असतो तो, तळाशी, पान्यांच्या खाली.
टाकून नाही दिला मी.
फळ्या ठोकायला लागतो.