चोळायचं नाही

लिलीची फुलं मीच घेतली होती,
हापसालूच्या बसथांब्यामागच्या दुकानातून.
पोरीने विचारलंही, केसर खुडून देऊ का?
म्हटलं, राहू दे, तेवढाच रंग.

हेल्वे वाकली शवपेटीवर,
काल्योच्या कपाळाशी,
आणि उठली तेव्हा
पांढऱ्या शालीवर, खांद्यापासून वीतभर,
गंजासारखं काहीतरी सांडलेलं.

मी ओला रुमाल घेऊन धावले.
तिने मनगटच धरलं माझं, पाद्रीदेखत.
पाणी नको. चोळायचं तर मुळीच नाही.
त्या दिवसातलं तिचं तेवढंच बोलणं.

ही शाल अंगठीतून आरपार जाते.
विणण्यात एक हिवाळा गेला,
अर्धा उसवण्यात,
कारण एक टाका सुटलेला
आणि तो फक्त तिलाच दिसत होता.
कढत पाणी लागलं तर आकसून
मोज्याएवढी होईल, म्हणते.

दुसऱ्या दिवशी गेले तर दिवा जवळ ओढून बसलेली.
चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून
टेकवायची, उचलायची.
टेकवायची, उचलायची.
माखलेले तुकडे विजेच्या बिलामागे
ओळीने चिकटवत होती.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
तालिनहून लेकीचा फोन आला,
ड्रायक्लीनिंगला टाक ना, आई.
हो हो म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला.

पराग निघाले. सावली राहिली,
कपाच्या आत चहाची रेघ राहते तेवढी.
आता उन्हाचं काम, म्हणाली.
आणि आमच्याकडचं मार्चमधलं ऊन म्हणजे
कोटही न काढता
उभ्याउभ्या येऊन जाणारा पाहुणा.

सकाळी स्वयंपाकघराची खिडकी.
अकराला जेवणाचं टेबल.
ऊन सरकेल तसा ती
शालीखालचा टॉवेल सरकवायची,
रांगत्या पोरामागे फिरावं तशी.
दोननंतर ऊन एकाच खोलीत,
आणि तिचं दार बंद.
आत काल्योचे उघडे रेडिओ, तारा, सोल्डरचा वास,
चष्मा असेल कुठेतरी.
तीन दिवस दोन वाजले की
ती शाल गुंडाळून ठेवायची.
डागही निम्म्यावर अडलेला.

चौथ्या दिवशी मी अंगणातला बर्फ खरवडत होते.
मान वर केली तर
त्या खिडकीचा पडदा बाजूला,
काचेआड पांढरं काही पसरलेलं
आणि शेजारी खुर्चीत ती,
हात मांडीवर, दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तशी.
रेडिओ लागला होता.
की मलाच वाटलं.

मेमध्ये नातवाच्या बाप्तिस्म्याला तीच शाल.
मी खांदा निरखून पाहिला. काही नव्हतं.
की होतं? चर्चच्या पिवळ्या काचेखाली
काही सांगता येईना.
फुलं या वेळीही माझ्याकडेच होती.
दुकानातल्या पोरीने विचारायच्या आत म्हटलं होतं,
खूड, सगळे खूड.
हेल्वेने गुच्छ हातात घेतला,
एकेका फुलात डोकावून पाहिलं
आणि नाक मुरडलं,
अगं, बोडकी का आणलीस?