टिंब

आधी वाटलं, डासाची घाण.
चष्म्याच्या फडक्याने पुसलं,
मग फडकं जरासं ओलं करून, हलक्या हाताने.
तापकीर गल्लीतल्या तांबोळींनी विकतानाच बजावलं होतं,
"मॅडम, कॉलिन मारू नका. पडद्याचा जीव जातो."

कळांचे तेलकट चौकोन निघाले.
ईराने जॅमच्या बोटाने दाखवलेला हत्ती निघाला.
टिंब राहिलं.
खसखशीएवढं, काळं.

तांबोळींनी भिंग लावून पाहिलं.
"पिक्सेल मेलाय. पॅनल बदलू? साडेचार हजार."
मला एका पानाचे बारा रुपये मिळतात.
जिन्यातच हिशेब केला
आणि मंडईतून मेथी घेऊन घरी आले.

आता ते सतराव्या ओळीवर बसतं.
'काही' खाली आलं की 'कांही'.
भलत्याच कुणाचं 'घरात', 'घरांत'.
दोनदा नसलेला अनुस्वार खोडायला गेले
आणि काना उडाला.

तेव्हापासून शंका आली की
मजकूर ओळभर वर ढकलते.
खरी चूक शब्दाबरोबर सरकते,
हे जागचं हलत नाही.

काल सहकारनगरच्या इंदुताई खांबेटेंच्या आठवणी तपासत होते.
वय अठ्ठ्याऐंशी. सगळे अनुस्वार जुन्या वळणाचे,
नाकातून बोलल्यासारखे.
नियमाने एकेक काढत गेले.
सतराव्या ओळीत आलं, 'आईचं नांव'.
काढला.
तरी तिथेच.

ओळ सरकवली नाही.
उठून मेथी निवडायला घेतली.