आत काही नाही

टिपणीस बाई पहिल्यांदा आल्या त्या शुक्रवारी.
वागळे इस्टेटला सुट्टी, शेजारचा पॉवर प्रेस गप्प,
मी एकटाच बर्नरचं तोंड साफ करत बसलेलो.
पिशवीतून कागद काढला. चित्रात एक नळी,
अंगठ्याएवढी, दोन्ही टोकं सपाट.
"आत काय भरायचं?"
"आधी काही नाही," म्हणाल्या.
"पण अगदी काहीच नाही, असं पाहिजे."

मी चेंदणीचा. बाप जाळी विणायचा,
म्हणजे भोकंच की, दोऱ्याने बांधलेली.
म्हटलं, जमेल.

नाही जमलं. सात नळ्या परत.
एकीत बुडबुडा, मोहरीच्या निम्म्याने.
एकीच्या कुशीत ताण, मला न दिसणारा.
त्यांनी दोन काळ्या काचांमध्ये धरून दाखवला,
तेव्हा रंग दिसले, मुका मार उमटावा तसे.
पैसे मात्र सातही नळ्यांचे दिले,
सुट्ट्यांसकट मोजून.

आठवी घेऊन मीच गेलो कॉलेजच्या तळघरात.
कडाप्प्याची लादी, तिच्याखाली स्कूटरच्या चार ट्यूबा.
रस्त्याने बस गेली तरी वर काही हलू नये.
एवढ्याशा खोलीत
त्या उजेडाचा एकेक कण वेगळा करत होत्या,
तांदळातले खडे वेचावेत तशा.
मी विचारलं, दोन वाटा आहेत तर तो जातो कुठून?
"विचारलं तर एकीकडून.
नाही विचारलं तर दोन्हीकडून."
मग मी विचारलंच नाही काही,
अकरा वर्षं.

त्यांचा निबंध बाहेरून परत आला होता,
असल्या सामानावर एवढा नेमका आकडा येणं
शक्य नाही, असं लिहून.
बाईंनी पत्राची घडी घातली
आणि ती लादीच्या डुगडुगत्या कोपऱ्याखाली सरकवली.
चार वर्षांनी कुठल्याशा थंड देशात
कुणालातरी तोच आकडा मिळाला.
मी पेढे घेऊन गेलो. त्या म्हणाल्या,
"बरं झालं, नाखवा. आता तो माझा राहिला नाही."
मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो थोडा.

छापून आला तेव्हा लेकीने शेवटची ओळ वाचून दाखवली:
काचकाम, चिंतामण नाखवा, ठाणे.
गिरणीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत
सगळ्यांना दाखवून झाली ती ओळ.
वरची आठ पानं कुणालाच कळली नाहीत.

गेल्या महिन्यात फोन आला: "अजून एक कराल?"
आवाज बारीक झालेला. हात माझेही कापतात,
तरी केली. बुडबुडा नाही. ताणही नाही,
काळ्या काचा आता माझ्याकडेही आहेत.
मंगळवारी निरोप आला, बाई गेल्या.

नळी कपाटात आहे, कापसात.
बिल फाडायला घेतलं, फाडलं नाही.
तारीख लिहिली. नग, एक.
तपशिलाच्या रकान्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच.
पलीकडे प्रेस सुरू झाला,
आणि टेबलावरचा चहा
मधोमध थरथरू लागला.