झाकण

टिडिरनं एकोणतीस वर्षं टपाल वाटलं.
आता कातारी झालाय.
दोन्ही कामांत, तो म्हणतो, नियम एकच:
आत काय आहे ते विचारायचं नाही.

वेल्समध्ये, टायवी नदीच्या काठावर
बीचचं एक झाड आडवं झालं आणि दोन हिवाळे तसंच लोळत राहिलं.
बुरशीनं आत शिरून काळ्या रेघा ओढल्या,
भाऊबंदकीत बांध घालतात तशा,
वाकड्या, हट्टी.
त्यातला एक ठोकळा आता लेथवर फिरतोय
आणि रेघा दिसत नाहीत,
नुसतं धुरकट काहीतरी, कडेला थरथरणारं.

पटाशी टेकवताना तो श्वास सोडतो.
हात नाही हलवायचा, कंबर हलवायची.
हे शिकायला दोन पटाश्या गेल्या, एक दात गेला.
ढलप्या बाहीत शिरतात, भुवयांवर बसतात,
शेड अळंबीच्या वासानं भरून जाते.

करंड्याची भिंत तो कानानं मोजतो.
जाड असते तेव्हा ढब्ब बोलते,
पातळ होत आली की सूर चढतो.
एकदा ऐकलं नव्हतं.
त्या करंड्याचा तुकडा अजून छपरात रुतलेला आहे.

मग झाकण.
झाकणाला अर्धा दिवस.
केसभर काढा, लेथ थांबवा, बसवून बघा.
नाही.
केसभर.
नाही.
चहा निवतो, त्यात भुसा तरंगतो.
केसभर.
आणि एकदाचं ते स्वतःच्याच वजनानं
हळूहळू खाली सरकतं, आतली हवा उसासते.
उचलताना टुप्प.
तो सातआठ वेळा उगाचच उचलतो.
वर प्लमच्या लाकडाची वाटाण्याएवढी मूठ,
मग जवसाचं तेल,
आणि सगळे बांध पुन्हा जागच्या जागी.

नेस्टाला दिला, बहिणीला, तिच्या साठीला.
तिनं त्यात काहीतरी ठेवलं.
त्यानं विचारलं नाही.

ऑक्टोबरात तिचा फोन.
"उघडत नाही रे."
तीन आठवडे झड लागलेली, तिच्या खिडक्यांना आतून घाम.
कापल्यावरही लाकूड पाणी पितच राहतं,
हे त्याला माहीत होतं, सांगायचं राहून गेलं.
"सुरीनं उचकटू?"
"हात लावू नकोस."
"मग?"
"शेगडी पेटव. खोली सुकू दे."
"मला आज हवं होतं ते."

तिच्याकडे पाऊस. इकडेही तोच.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा
तो प्रश्न ओठांपर्यंत आला,
फुगला,
आणि तिथंच घट्ट बसला.

रविवारी तो बसनं निघाला,
मांडीवर ढलप्यांचं पोतं.
त्याच बीचच्या. कोरड्याठण्ण.
काडी लावली की भसकन पेटतील.