पाच मिनिटं आधी

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य बुडतो तो बुडतोच.
दोन महिने गाव दिव्यांच्या उजेडात
दूध आणतं, बर्फ उपसतं, मुलं शाळेत सोडतं.
मग जानेवारीतल्या एका दुपारी
क्षितिजावर त्याची टिकली पुरती उमटली
की किल्ल्यावरून तोफेचे दोन बार.
शाळेला सुट्टी. बेकरीत साखर पेरलेले गोल पाव.
अख्खं वार्डो रस्त्यावर येतं
आणि डोळे मिटून तोंड वर करतं.

अप्पा तेव्हा तळघरात असतात.

सत्त्याऐंशी साली आले, जाफन्याहून इथे, मासळीच्या कारखान्यात.
एका मोसमापुरता, असं म्हणत.
कॉड चिरायला तीन दिवसांत शिकले,
"थंडी आहे" म्हणायला तीन आठवड्यांत,
"नको" म्हणायला अजून शिकताहेत.
कर्ज फेडलं. घर पिवळं रंगवलं.
माझ्या वर्गातल्या पोरी आमच्याकडे इडिअप्पमसाठी रांग लावायच्या.
अम्माला पोचवायला निम्मा कारखाना आला.
कुणीही म्हणेल, माणूस रुळला.

पहिल्या जानेवारीत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.
पहिल्या बाराला ते सरकत्या पट्ट्याखाली शिरले,
हातात सुरी तशीच.
दुसऱ्या बाराला भावाला हाक मारली.
मला एक काका होता हे मला
कारखान्यातल्या बायकांकडून कळलं,
तेही चुकीच्या उच्चारात.

तेव्हापासून समोरच्या ओस्लाउगबाईंचा फोन:
"पाच मिनिटं आहेत." आणि ठेवून द्यायच्या.
दयामाया नाही, हवामान सांगावं तसं.
ढग असले की तोफ उद्यावर जाई, कधी आठवड्यावर,
आणि आठवडाभर आमच्या जिन्यात रात्री पावलं वाजत.
अशा पस्तीस जानेवाऱ्या.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, फॉर्म घेऊन बसते.
मी ऑस्लोहून फोनवर, दुभाषी.
"गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?"
अप्पा विचारतात, "सूर्य नव्हता ते दिवस धरून?"
मी भाषांतर करते. ती हसते.
"जीव नकोसा होतो का?"
इथे माझी जीभ अडते.
ज्या भाषेत त्यांनी मला भात कालवून भरवला
त्या भाषेत हे कसं विचारायचं?
मी विचारते, "जेवण जातं का, अप्पा?"
आणि तिला त्यांचं उत्तर कळवते:
"कधी कधी."

मग एका सप्टेंबरात ओस्लाउगबाई वारल्या.
त्या जानेवारीत मी गजर लावला होता.
मीटिंग होती. बंद केला, विसरले.
संध्याकाळी पाचव्यांदा फोन उचलला त्यांनी.
"झालं," म्हणाले. "कॉफी करतोय."
आवाजाला तळघराची ओल होती.

यंदा मी रजा टाकून गेले.
तीन दिवस ढग. चौथ्या दिवशी आभाळ कोरं.
अप्पांनी स्वेटर चढवला, घड्याळ पाहिलं,
आणि तळघराकडे जायचे ते फोनकडे गेले.
वरच्या गल्लीत ओलेस्या राहते, खारकीवची,
मुलगा सहा वर्षांचा, अजून कुणाशी बोलत नाही.
अप्पांचं नॉर्वेजियन कारखान्यातलं,
तिचं जेमतेम दोन हिवाळ्यांचं.
ते ओरडूनच बोलत होते, बहिऱ्याशी बोलावं तसं:
"पाच मिनिटं. बूम. दोनदा.
लढाई नाही. सूर्य.
कळलं? सूर्य."

पलीकडून काही आलं, मला ऐकू नाही आलं.

"मग मुलाला घेऊन ये," ते म्हणाले,
"पळत ये. माझ्याकडे तळघर आहे."

मी चार खुर्च्या खाली नेल्या.
एकीचा पाय आखूड होता,
त्याखाली कागदाची घडी सारली.