कासराभर दिवस

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
वजनकाट्याच्या चौथऱ्यावर खडूनं आखलेला पट.
काळी घरं काजळीची.
एक उंट कधीतरी हरवलेला,
त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच.

आई आत चाळणीवर. मी तिची भाकरी पोचवून
ठसकत बाहेर यायची
आणि डोळ्यांचं पाणी पुसता पुसता बघत बसायची:
काट्यावरचे कारकून जिनगोंडा चौगुले,
समोर चिकोडी गाडीचे ड्रायव्हर शिवलिंगय्या,
गाडी सव्वासहाची.

शिवलिंगय्या हत्तीला आनी म्हणायचे, वजिराला मंत्री.
काका सोंगट्यांची नावं मराठीत घ्यायचे,
शिव्या मात्र कानडीत.

अर्धा डाव झाला की ठरल्यासारखं
ड्रायव्हर वजीर द्यायचे, दोन हत्ती घ्यायचे.
यात फसलं कोण, मी विचारलं.
काकांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला
आणि आतून बोटं दाबली, बैलबाजारात दाबतात तशी.
पंजा आणि चार.
मग पंजा आणि पंजा.
"नऊ दिले, दहा घेतले त्यानं.
पण दहा एका जागी नसतात, पोरी.
पाच हितं, पाच तितं.
त्यांची गाठ पडायच्या आत
काय करायचं ते करून घ्यायचं."

वजीर सरळ जातो, तिरका जातो,
एका दमात गावाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला.
त्याला सगळं दिसतं.
पण प्यादं राखायचं म्हटलं तर
तो एकदाच राखू शकतो.
दोघांनी मिळून बोट ठेवलं की गेलं.

आणि हत्ती, आई आणि लक्ष्मव्वा पोतं उचलायच्या तसे:
आधी एकमेकींकडं बघायच्या,
मग वाकायच्या.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट.
हत्तींची गाठ पडली होती, सातव्या पट्टीवर, शेजारी शेजारी.
काकांचं एक प्यादं गेलं, दुसरं जाणार होतं.
काका जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारे.
ते उठले, टोपी झटकली, म्हणाले,
"दिवस चालला. हौसा, तू बस हितं. सोंगट्या हलू देऊ नको."

शिवलिंगय्यांनी घड्याळ बघितलं.
"माझी गाडी थांबती काय? तूच खेळ की गं, तंगी."

मला येत काहीच नव्हतं.
वजीर तेवढा हातात बसायचा, उंच म्हणून.
त्यांचा राजा कडेला, उघडा, आडोशाला एक प्यादंही नाही,
दोन्ही आनी लांब, लुटीत गुंतलेल्या.
मी शह दिला. राजा सरकला.
मी तिरका शह दिला. राजा परत आला.
पुन्हा पहिला. पुन्हा तिरका.
मला वाटलं, ह्यांना कंटाळा येईल, मग हरतील.
ते हसायला लागले, पोट हलेपर्यंत.
"साकु बिडव्वा! बरोबरी, बरोबरी."
आणि बूच उचलून माझ्या हातात दिलं, बक्षीस म्हणून.

सकाळी काका पटापाशी उभे राहिले बराच वेळ.
"शह देत सुटलीस?"
"होय."
"कुणी सांगितलं?"
"कुणी न्हाई."
काही बोलले नाहीत. पोतं काट्यावर चढवलं,
वजन लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

आता चिकोडीत माझ्याकडं पोरं येतात शनिवारी.
पुस्तकातून शिकलेली, वजिराला राणी म्हणतात.
नऊ मोठे की दहा, विचारतात.
मी म्हणते, राजा कुठं उभा आहे ते बघ आधी.

बूच अजून आहे, डब्यात, बटणांबरोबर.
परवा ते हाताला लागलं आणि एकदम आठवलं:
काका उठले तेव्हा
त्यांच्या टोपीची सावली पटावर पडली होती,
नीट, काठोकाठ,
दोन्ही हत्तींना पोचेल एवढी.
म्हणजे दिवस अजून कासराभर वर होता.
आणि त्यांचं घर तर वखारीला लागूनच.